दात हललेला मेंढका

मेंढीचं वय तिच्या दातांवरून सांगतात. आधी दोन दाती, मग चार दाती, मग तोंड भरलेली आणि शेवटी दात हललेली. दात हललेल्या मेंढीला गवत खुडता येत नाही, ती वाळत जाते. म्हणून कळप वाटेला लागायच्या आधीच तिला बाजारात नेऊन विकायचं. आमच्या घरात हा निवाडा माझे मालक करतात. गाव त्यांना भिमा आबा म्हणतं. चाळीस वर्षं मेंढका म्हणून त्यांनी मेंढरांची तोंडं उघडून पाहिली. यंदा मात्र स्वतःचं तोंड ते कोणाला उघडून दाखवेनात.

मला संशय आला तो दुधामुळे. ज्या माणसानं जन्मभर भाकरी दगडासारखी कडक मागितली, तो ती दुधात कुस्करून खायला लागला.

"लहान झालात व्हय?" मी म्हटलं. "उद्या टाळू भरायला घेते तुमची."

"दूध उरतंय म्हून खातो," ते म्हणाले.

मग एकदा चूळ भरलेलं पाणी लाल दिसलं. मी त्यांना उजेडात बसवलं आणि खालचा ओठ धरून पाहिलं. पुढचे दोन दात बोट लावताच डुलले. हिरड्या सुजून जांभळ्या झाल्या होत्या. ब्रश लावला की रक्त येतं म्हणून त्यांनी चार महिन्यांपूर्वीच ब्रश सोडला होता.

"बिरदेवला सांगू नको," ते हळूच म्हणाले.

बिरदेव आमचा मुलगा. दिवाळी झाली की तो आणि सून साधना मेंढरं घेऊन दौंडच्या अंगाला उतरतात, उसाच्या रानांत खतासाठी कळप बसवतात. माझे गुडघे गेल्यापासून मी न्हावरे गावातल्या घरीच असते. हे मात्र अजून एक वर्षही चुकले नव्हते. दसऱ्याला बिरदेव सहज बोलून गेला होता की ज्याला कडक भाकरी चावंल त्यानं चलावं, वाटेवर दूध-भाकरी कुस्करत कोण बसणार. तो हसत बोलला, यांनी ते काळजाला लावून घेतलं. दात हललेल्याला वाटेला नेत नाहीत, हे त्यांनीच पोराला शिकवलं होतं.

मी त्यांना एसटीत घालून शिरूरला नेलं. तिथं राजनंदिनीचा दातांचा दवाखाना आहे. ती बापूसाहेबांची मुलगी. त्यांच्या रानात आमची मेंढरं बसायची, तेव्हा ही कोकरू कडेवर घेऊन हिंडायची आणि परत द्यायची वेळ आली की भोकाड पसरायची. आता तिनं आमच्या म्हाताऱ्याला खुर्चीवर आडवं केलं.

"आबा, दातांवर किटणाचा दगड झालाय. तो काढायचा."

यांनी तोंड मिटलं. "त्याला हात लावू नको, बाय. त्याच्या आधारानंच दात उभं हायेत."

"वाळवीनं खांब पोखरला, तर वाळवीच्या मातीचाच आधार म्हणणार का तुम्ही?"

"माती काढली आन् खांब पडला म्हंजी?"

"काढली नाही तर नक्की पडेल."

मग तिनं एक चित्र पुढं धरलं. दाताच्या मुळाशी, हिरडीच्या आत, जंतूंचा थर बसतो. रक्तात पहारा करणाऱ्या पेशी असतात. त्यांतली एखादी जंतूंना पाहते आणि निरोप सोडते. तो ऐकून आणखी पेशी धावत येतात, त्या पुढं आणखी निरोप देतात. हिरडी सुजते, लाल होते, रक्त येतं, ते याच धावपळीमुळे.

"मग चांगलंच हाय की," हे म्हणाले. "राखण हाय."

"राखण आहे, पण जंतू दगडाआड लपलेत. पेशींना ते सापडत नाहीत, आणि निरोप काही थांबत नाही. पेशी जंतूंवर जे विष सोडतात, त्यानं आपलंच मांस जळतं. शेवटी तो निरोप हाड खाणाऱ्या पेशींपर्यंत पोचतो. दाताखालचं हाड तुमच्याच अंगानं खाल्लंय, आबा."

यांनी चित्रातल्या हाडावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "आमच्यात बी असंच हुतं. लांडगा मेंढरांभवती लावलेल्या वाघराच्या जाळीबाहीर बसतो, दिसत न्हाई. एक कुत्रं वरडलं की सगळी कुत्री आत उड्या टाकत्यात. लांडगा नेतो एक, आन् दंग्यात चेंगरून मरत्यात पाच."

"हं. तेच."

"मग कुत्री बांधून टाक. एखादी गोळी दे."

"कुत्री बांधली की लांडगा सगळा कळप नेईल. त्याची लपायची जागाच मोडायची. आ करा."

यांनी आ केला. चाळीस मिनिटं मशीन घरघरत होतं. मी बाकावर बसून म्हटलं, "बघा, मी तीस वरसं मिश्री लावतीया. रक्ताचा थेंब न्हाई कवा."

राजनंदिनीनं मान वळवली. "आजी, आता तुम्ही या."

मी म्हटलं कौतुक करील. तिनं बारीक सळई हिरडीत घातली, ती आत जातच राहिली. म्हणाली, मिश्रीतल्या तंबाखूनं रक्ताच्या नळ्या आवळतात. रोग आबांइतकाच आहे, फक्त रक्त येत नाही म्हणून कळला नाही.

खुर्चीवरून उतरलेला म्हातारा गालाला फडकं लावून होता, बोलता येत नव्हतं. पण त्याचे खांदे हसून गदगद हलत होते. नंतर एसटीत त्यांना जरा बोलता आलं, तेव्हा पहिलं वाक्य हेच आलं, "सगुणे, तुझी कुत्री मुकी हायेत."

घरी आल्यावर दात आणखी हलायला लागले. ह्यांनी दोन दिवस मला आणि राजनंदिनीला मिळून शिव्या घातल्या. तिनं फोनवर सांगितलं की सूज उतरली की असं वाटतं. गेलेलं हाड परत येणार नाही, राहिलेलं सांभाळायचं. रोज दोनदा मऊ ब्रश, आणि आठवड्यानं परत यायचं. मिश्री सोडल्यावर दहाव्या दिवशी माझ्याच हिरडीतून रक्त आलं. मी घाबरले, तर ती म्हणाली, बरं झालं, आता खरं दिसायला लागलं. ह्यांना हे सांगायची चूक मी केली.

तिसऱ्या फेरीपर्यंत त्यांच्या हिरड्या गुलाबी झाल्या. दात थोडे आवळले, थोडे हलतच राहिले. तोवर आमच्या नातीनं, मोनिकानं, बापाला सगळं सांगून टाकलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी घोड्यांवर सामान चढलं. बिरदेवनं आदल्या दिवसाची कडक भाकरी आणि कांदा बापासमोर ठेवला. यांनी ती पुढ्यात ओढली. राजनंदिनीनं सांगितल्याप्रमाणे पुढचे दात न वापरता तुकडा दाढेखाली धरला आणि चावू लागले. मी उंबऱ्यात उभी होते. चतकोर संपली, अर्धी संपली. मेंढरं बें बें करून कंटाळली.

"आबा," बिरदेव शेवटी म्हणाला, "उन्हं वर आली. तुमची भाकरी सरणार कवा?"

यांनी घास नीट गिळला. "तुझी मेंढरं दिसभर रवंथ करत बसत्यात. त्यास्नी कुणी घरी ठिवलंय का?"

बिरदेवनं हसू दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही. त्यानं बापाची घोंगडी उचलून घोड्यावर टाकली. "चला. पण बरश रोज माझ्यापुढं करायचा."

"करतो की."

उरलेली अर्धी भाकरी हातात घेऊन, चावत चावतच, हे कळपामागं निघाले. मी साधनाला बाजूला घेऊन सांगितलं, "यास्नी समद्यांच्या आधी वाढत जा. म्हंजी समद्यांच्या बराबर उठतील."