सात नंबरची चिठ्ठी

कोर्टातल्या बाईने लाकडी पेटी दोनदा हलवली, तेव्हा रोन्डाला एकदम बोलिंग क्लबमधली शुक्रवारची सोडत आठवली. तिथेही अशीच पेटी हलवतात आणि ज्याचा नंबर निघेल तो मटणाचा ट्रे घेऊन घरी जातो. इतकी वर्षं तिकिटं काढूनही रोन्डाला साधं एक सॉसेज लागलं नव्हतं. आपलं नशीब चांगलं ओळखून असल्यामुळे ती निश्चिंत बसली होती.

खटला लांबला आणि मध्येच कुणी आजारी पडलं तर पंचाईत नको, म्हणून ज्युरीत बाराऐवजी चौदा माणसं बसवली होती. पाच आठवडे गेले, पण कुणाला साधी सर्दीसुद्धा झाली नाही. आता निकाल ठरवायला आत बाराच जणांनी जायचं होतं आणि उरलेल्या दोघांना चिठ्ठ्या काढून घरी पाठवायचं होतं.

"प्रमुखाची चिठ्ठी पेटीत नाही ना?" न्यायाधीशांनी विचारलं. "ज्युरीच्या प्रमुखाला सोडतीत धरायचं नसतं."

हे रोन्डाने आज पहिल्यांदाच ऐकलं. नील नावाचा हिशेबनीस प्रमुख होता. तो पुढच्या रांगेत मान ताठ करून बसला होता, आणि त्याची चिठ्ठी टेबलावर वेगळी ठेवलेली तिला दिसली. पहिला नंबर अकरा निघाला. तो रोपवाटिका चालवणारा माणूस होता. त्याला सुटल्याचा आनंद लपवता येईना, म्हणून त्याने रुमालात नाक खुपसलं. मग पुन्हा पेटी हलली आणि सात नंबर निघाला.

रोन्डा सात नंबर होती. उठावं लागतं हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला. शेजारच्या बाईने तिचं कोपर हळूच ढकललं.

पहिल्या दिवशी ज्युरीच्या खोलीत काय झालं होतं, ते आता तिला लख्ख आठवलं. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघून उगाच हसत होते. रोन्डा वॉटल इनलेटहून, आपल्या गावाहून, निघताना सवयीने खजुराच्या वड्यांचा डबा घेऊन आली होती. तिने किटली लावली, कप मांडले, कुणाला दूध किती ते विचारलं, आणि अर्ध्या तासात खोलीतला अवघडलेपणा गेला. प्रमुख निवडायची वेळ आली तेव्हा दोघंतिघं एका सुरात म्हणाले, रोन्डाच होऊ दे. नीलसुद्धा म्हणाला, "तूच हो, रोन्डा. तू सगळ्यांना सांभाळून घेशील."

रोन्डा लाजेने लाल झाली. प्रमुखाला शेवटी उभं राहून निकाल सांगावा लागतो हे तिला ठाऊक होतं. "नको रे बाबा," ती म्हणाली, "चार माणसांत उभी राहिले की माझे गुडघे वाजतात. मी आपली चहाचं बघते." सगळे हसले. आमच्याकडे ही रीतच आहे. पुढे पुढे करणाऱ्याला लोक नावं ठेवतात, म्हणून कुणी काही देऊ केलं की आधी नको म्हणायचं. दुसऱ्यांदा कुणी आग्रह केला असता तर ती कदाचित हो म्हणालीही असती. पण तोवर नीलने खुर्ची पुढे ओढली होती.

खटला खुनाचा होता. लेस बार्टन नावाचा म्हातारा मच्छीमार धक्क्याखालच्या पाण्यात सापडला. त्याची कवटी फुटलेली होती. त्याच्या बोटीवर काम करणारा कोरी हा चोवीस वर्षांचा पोरगा पिंजऱ्यात होता. आदल्या संध्याकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं त्यांच्या अर्ध्या गावाने ऐकलं होतं. पोलिसांनी विचारलं तेव्हा पोराने आधी एक सांगितलं, मग दुसरं, मग तिसरं. आणि त्याचे गमबूट रात्रीच नळाखाली स्वच्छ धुतलेले सापडले. रक्त घालवायला धुतले, असं सरकारी वकील म्हणाले.

त्या बुटांचा फोटो ज्युरीच्या हातातून फिरला. घराचा मागचा व्हरांडा, खाली पसरलेला वर्तमानपत्राचा कागद आणि त्यावर भिंतीकडे टोकं करून शेजारी शेजारी ठेवलेले बूट. मग कोरीची आई साक्षीला आली. तिने सांगितलं की माशांची खवलं घरात आलेली तिला चालत नाहीत. लहानपणापासून तो बूट धुऊन कागदावरच ठेवतो, कागद ती रोज बदलते. सरकारी वकील म्हणाले, माणूस मारून आल्यावरही इतकं नीटनेटकं वागणारा किती थंड काळजाचा असेल बघा.

रोन्डाला उलटंच वाटलं. ती कौन्सिलतर्फे, म्हणजे पालिकेतर्फे, म्हाताऱ्या माणसांच्या घरी साफसफाईला जायची. तिचा जन्म लोकांच्या मागच्या दारांशी गेला होता. खून करून आलेला पोरगा पुरावा धुवून टाकेल हे खरं. पण मग तो बूट समुद्रात फेकेल, शेडमागे पुरेल. आईने पसरलेल्या कागदावर टोकं भिंतीला लावून ठेवेल का? तिला खात्री नव्हती. कोरीने केलंही असेल. पण शंका म्हणजे काय ते न्यायाधीशांनी समजावलं होतं, आणि हेही सांगितलं होतं की बाराही जणांचं एकमत लागेल. एकटी रोन्डा नाही म्हणाली असती तरी पोराला शिक्षा झाली नसती.

सगळं ऐकून होईपर्यंत मत बनवू नका, असंही न्यायाधीशांनी बजावलं होतं. बाकीचे चहा पिताना सर्रास कुजबुजायचे. रोन्डा मात्र आज्ञाधारकपणे गप्प राहिली. आपली वेळ आली की बोलायचं, असं तिने ठरवलं होतं. गाडी चालवताना ती वाक्यं जुळवून बघायची. त्यामुळे बुटांबद्दलचा तिचा विचार त्या खोलीत कुणाच्याच कानावर पडला नाही.

ती बाहेर पडली तेव्हा डबा आतच राहिला होता. त्या दिवशीच्या वड्या तिने जास्तच केल्या होत्या, कारण आत किती वेळ लागेल कुणास ठाऊक. कोर्टाचा शिपाई म्हणाला, आता त्या खोलीत कुणाला जाता येणार नाही, डबा नंतर पाठवू.

घरी नवऱ्याला, ग्रेमला, ती एवढंच म्हणाली की माझा नंबर निघाला. ग्रेम दुधाचा टँकर चालवायचा आणि मनाने चांगला होता. तो म्हणाला, बरं झालं, सुटलीस. पाच आठवडे तिचं खाणं तुटलं होतं, फ्लॅटहेड मासा तव्यावर टाकला तरी ती मागच्या अंगणात जाऊन उभी राहायची. ते आता संपेल, असं त्याला वाटलं. त्याने विचारलं, "मग, केला होता का त्याने?" ती म्हणाली, "सांगायला बंदी आहे." तो म्हणाला, "मी काय पेपरात छापणार आहे?" हळूहळू दोघांत एक न बोलण्याची सवय बसली.

निकाल त्याच आठवड्यात लागला. ग्रेमने टँकरमधल्या रेडिओवर ऐकला आणि दारातूनच सांगितला. दोषी. रोन्डा बटाटे सोलत होती. तिने सगळे सोलले, मग पिशवीतले उरलेलेही सोलले.

डबा पोस्टाने परत आला. स्वच्छ धुऊन पुसलेला होता. वड्या त्यांनी खाल्ल्या होत्या. रोन्डाने तो डबा दुकानाजवळच्या कचरापेटीत टाकला आणि पुन्हा खजुराच्या वड्या कधी केल्या नाहीत.

झोप येईना तेव्हा तिने, ज्युरीतल्या माणसांना मन मोकळं करायला म्हणून कोर्टाने दिलेल्या नंबरावर फोन केला. पलीकडची मुलगी गोड होती. तिने सांगितलं, तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणाने बोला, पण खोलीत काय झालं ते मात्र सांगू नका. रोन्डा म्हणाली, "अगं बाळा, जे वाटतंय ते त्या खोलीतच आहे." मुलगी म्हणाली की दीर्घ श्वास घेऊन बघा. रोन्डाने तिचे आभार मानले, फोन ठेवला आणि मग इतकी रडली की कुत्रं येऊन तिच्या पायावर बसलं. तिला वाटलं होतं रडून हलकं वाटेल. तसं काहीच झालं नाही.

अशी दोन वर्षं गेली. ती कामाला जायची, हसायची, क्लबात सोडतीची तिकिटंही घ्यायची, पण पेटी हलायला लागली की बाहेर उभी राहायची. लोकांना वाटायचं सिगारेट लागली हिला.

मग कौन्सिलने तिला साफसफाईला एक नवीन घर दिलं. मिसेस पास्को, खुब्याचं हाड मोडलंय, एकटीच राहते. नाव ओळखीचं नव्हतं. दार उघडलं तेव्हा कुबडीवर रेलून कोरीची आई उभी होती. खटल्याभर ती लाल स्वेटर घालून, मांडीवर थर्मास धरून पहिल्या बाकावर बसायची. तिने दुसरं लग्न केलं होतं आणि आडनाव त्या नवऱ्याचं होतं, हे कुणाच्या लक्षात राहणार?

"कौन्सिलने पाठवलंय," रोन्डा कशीबशी म्हणाली. "मी रोन्डा."

म्हातारीने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "नाव आज कळलं. मी तुला सात नंबर म्हणायचे."

"मी ऑफिसात फोन करते. ते दुसऱ्या कुणाला पाठवतील."

"कशाला? आधीची एक आली होती, भिंतीवरचा कोरीचा फोटो बघितला आणि पळाली. तू ये आत. पाय पूस फक्त."

रोन्डाने पाय पुसले. स्वयंपाकघर घासलं, न्हाणीघर धुतलं, खोल्या झाडल्या. कोरीच्या खोलीत पलंगावर चादर ताणून बसवलेली होती. तिथे तिने नुसती खिडकी उघडली आणि बाहेर आली. आयरिसने, म्हणजे मिसेस पास्कोने, तोवर चहा केला होता. एका हाताने कुबडी सांभाळत तिने कप पुढे सरकवला. बस म्हणाली, म्हणून रोन्डा बसली.

"घाबरू नकोस, मी काही विचारणार नाही," आयरिस म्हणाली. "तुम्हा लोकांना बोलायची बंदी असते. वकिलाने सांगितलंय."

रोन्डाने मान हलवली.

"कोरी म्हणायचा, आई, ती कडेची बाई माझ्याकडे माणसासारखं बघते. बाकीचे वकिलाकडे बघायचे, नाहीतर आपल्या नखांकडे. मी त्याला म्हणायचे, एक पुरे रे, एकानेसुद्धा काम होतं. म्हणून तुझ्यावर लक्ष ठेवून होते मी. एकदा तुला खोकला आला तर मला इथे घास गिळवेना."

चहा गरम होता. रोन्डाने तो तसाच गिळला, तोंड भाजलं तरी.

"तुझा नंबर पुकारला तेव्हाच मला कळलं. पुढचे दिवस बाकी सगळे वाट बघत बसले, मी घरी येऊन त्याचे कपडे पेटीत भरले." तिने कुबडी मांडीवर घेतली. "आता तुरुंगातून मी निघाले की तो मागे वळूनही बघत नाही. मी भेटायला गेले तर बोलत नाही फारसा. सुटेल तेव्हा मी असेन असं मला वाटत नाही."

रोन्डाला काही बोलायचं होतं. बूट, कागद, भिंतीकडची टोकं, ती सगळी जुळवलेली वाक्यं अजून पाठ होती. पण त्यांचा आता काय उपयोग, आणि त्यांच्यामागे दुसरंच एक वाक्य उभं होतं, मी आपली चहाचं बघते.

आयरिसने हात पुढे करून तिच्या मनगटावर ठेवला. हात खरखरीत आणि ऊबदार होता.

"तू मनाला लावून घेऊ नकोस, बाई. चिठ्ठीच ती. तुझ्या हातात काय होतं?"

रोन्डा त्या हाताकडे बघत राहिली. प्रमुखपद आपणच नाकारलं हे सांगितलं असतं तर हा हात उचलला गेला असता, आणि तसंच व्हायला हवं होतं असं तिला मनापासून वाटलं. तिने तोंड उघडलं.

"मागचा व्हरांडा राहिलाय," ती म्हणाली.

व्हरांड्यात कुंड्या होत्या, म्हातारीच्या चपला होत्या, मोडकी खुर्ची होती. भिंतीशी मात्र थोडी जागा मोकळी सोडलेली होती. तिथे वर्तमानपत्राचा एक कागद पसरून त्यावर दगड ठेवला होता. त्याच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. रोन्डाने सगळीकडे झाडलं आणि त्या कागदाभोवतून झाडू वळवून घेतला.

"तो कागद बदलशील का गं?" आतून आयरिसचा आवाज आला. "माझ्याच्याने वाकवत नाही आता. दाराशी गठ्ठा आहे बघ."

रोन्डाने गठ्ठ्यातला कोरा करकरीत कागद घेतला. गुडघ्यांवर बसून तिने जुना कागद उचलला. खालच्या फळ्या इतरांपेक्षा उजळ होत्या. नवा कागद पसरून तिने त्याची एक कड भिंतीला अगदी चिकटवून बसवली, तळहाताने घडी मोडली आणि दगड एका कोपऱ्यावर ठेवला, मधली जागा मोकळी राहील असा.