एका माणसापुरता टोप

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. ॲल्युमिनियमचा, एका बाजूने चेपलेला, जेमतेम एका माणसाचा भात होईल एवढा. भिवंडीच्या बाजारात मला कुणी हात लावत नव्हते. धम्मदिनाने मात्र मलाच उचलले, कारण तिला एकटीपुरतेच रांधायचे होते.

धम्मदिना भिवंडीजवळच्या शेलार गावातल्या एका घरची सून. तिची आतडी फार नाजूक. चुकीचे काही खाल्ले की पोटात कळा येत आणि दिवसभर संडासाच्या फेऱ्या. डॉक्टरांनी कांदा, लसूण, मिरची बंद केली. मग माझ्यात मूगडाळ घातलेला मऊ भात शिजू लागला. वर जिरे आणि मीठ, बस्स. महिनाभरात तिचे पोट शांत झाले, तेव्हा मी फुशारून गेलो होतो. तिची सासू द्रौपदी मात्र मला पाहिले की तोंड फिरवायची.

पुढे धम्मदिना पडघ्याकडच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला लागली. सहा महिने टिकली तर कायम होणार होती. सकाळी तिची घाई, म्हणून डबा द्रौपदी भरू लागली. ती घरच्या तिखट आमटीतले पाणी गाळून घ्यायची, भातात कालवायची आणि माझ्यात गरम करायची.

"आई, लसणाचा वास येतोय."

"पळीचा असंल गं."

कळा परत सुरू झाल्या. धम्मदिना स्वतःच्याच शरीरावर चिडायची, दोन घास कमी खायची. गोडाऊनमध्ये सुपरवायझर तिच्या फेऱ्या मोजायचा. मला सगळे ठाऊक होते, पण टोपाला तोंड असून बोलता येत नाही.

पाचव्या महिन्यात एका दुपारी ती लवकर घरी आली. द्रौपदी तिच्या रात्रीच्या भातासाठी आमटी गाळत होती, गाळणी हातातच होती.

"आई, हे काय?"

"कांदा-मिरची गाळून घेते, रोजच." द्रौपदीने गाळणी खाली ठेवली. "लहानपणी मायसंगं लोकांच्या मळणीला जायची मी. आमचं भांडं येगळं, गोठ्याच्या वळचणीला ठेवलेलं. माझ्या सुनेनं येगळं रांधलेलं खायाचं, मला न्हाय बघवत."

"ते त्यांनी ठेवलेलं, आई. हे मी आणलंय." धम्मदिना भिंतीला टेकून खाली बसली. "कांदा गाळला तरी पाण्यात उतरतोच. आज मला कामावरून काढलं."

ती नोकरी काही परत मिळाली नाही. मित्रांनो, म्हणून सांगतो, आजारी माणसाचे जेवण रांधाल तेव्हा त्याला विचारून रांधा. मायेने का होईना, चोरून त्यात काही मिसळू नका.

त्या संध्याकाळी द्रौपदीने मला तीनदा घासले आणि पहिल्यांदाच माझ्यात मूग-तांदूळ शिजवले. मग स्वतःचे ताट पुढे केले.

"मलाबी ह्यातलंच वाढ."

"तुमचं मोठ्या टोपात आहे ना."

"असू दे. वाढ."

धम्मदिनाने वाढले. मी एका माणसापुरता. दोघी अर्धपोटी उठल्या.