ताईचा अंगठा

बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. आता त्याचं डोकं दाराच्या चौकटीला लागतं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. गेले चार महिने तो गेम खेळायला स्वतःचा कम्प्युटर जुळवायचा म्हणत होता. मी बारा वर्षं कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करते. नुसत्या पंख्याच्या आवाजावरून सांगते काय बिघडलंय ते. तेव्हा हा कम्प्युटर कोण जुळवणार याबद्दल मला शंकाच नव्हती. मनातल्या मनात मी कॅबिनेटचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता.

आणि हा पठ्ठ्या विचारायला गेला तिला.

ती म्हणजे माझी होणारी भावजय. शाळेत गणित शिकवते. कम्प्युटरशी तिचा संबंध काय, तर प्रश्नपत्रिका टाइप करण्यापुरता. पण रोज संध्याकाळी दोघं बागेतल्या बाकावर एकाच फोनमध्ये डोकी घालून व्हिडिओ बघायची, आणि घरी येऊन हा मलाच शिकवायचा, "ताई, एक मोठी रॅम घेण्यापेक्षा दोन छोट्या घ्याव्यात, ती म्हणते." अरे, हे मी तुला तू दहावीत असताना सांगितलं होतं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"तुझं काय जातंय गं?" आई म्हणाली.

माझा भाऊ जात होता. पण हे आईला कोणत्या तोंडाने सांगणार?

एका दुपारी मी दुकानात प्रिंटरच्या पोटात हात घालून बसले होते, तेव्हा तिचा मेसेज आला. "ताई, ही यादी एकदा बघाल का?" खाली तक्ता. प्रत्येक भागापुढे किंमत, दुसरा पर्याय आणि तो सोडून हाच का निवडला त्याचं कारण. बाईसाहेब विचारताहेत की मिरवताहेत? मिरवतच असणार, असं मी ठरवून टाकलं.

यादी चांगली होती, हे जास्त झोंबलं. सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमध्ये तिने काटकसर केली नव्हती. तिथे भलेभले घसरतात. मी चूक शोधत शोधत खाली आले आणि शेवटी ती सापडली. बजेटमध्ये बसत नव्हतं म्हणून ग्राफिक्स कार्ड तीन महिन्यांनी घ्यायचं ठरलं होतं, आणि प्रोसेसर मात्र निवडला होता तो स्वस्तातला, ज्याला कार्डाशिवाय पडद्यावर चित्र आणताच येत नाही. म्हणजे पंखे फिरणार, दिवे लागणार आणि पडदा काळा तो काळाच. आमच्या दुकानात महिन्याला एक तरी असं गिऱ्हाईक रडत येतं.

एक ओळ लिहायची होती. मी नाही लिहिली. नुसता अंगठा पाठवला आणि पुन्हा प्रिंटरमध्ये हात घातला. होऊ दे जरा फजिती, म्हटलं. मग आठवेल ताई.

रविवारी सकाळी दोघांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं. बोलावल्याशिवाय मी उठणार नव्हते. पिशवी पायाशी घेऊन पेपर वाचत बसले. पिशवीत दुकानातलं एक जुनं कार्ड होतं. ऐन वेळी ते काढायचं, दोन मिनिटांत चित्र आणायचं आणि काही न बोलता चहा टाकायला जायचं, असा माझा बेत होता.

बारक्याने बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा. त्यांनी केबल बदलली, रॅम काढून परत बसवली. तास गेला. बारक्याचे कान लाल झाले. मी भाड्याने देण्याच्या खोल्यांच्या जाहिराती वाचत होते.

फोनमध्ये शोधता शोधता ती थांबली. "माझंच चुकलं," ती म्हणाली. "या प्रोसेसरला कार्ड लागतंच."

"ताईला दाखवली नव्हतीस यादी?"

तिने एकदा माझ्याकडे बघितलं. "राहिलं," ती म्हणाली.

तिने मला वाचवलं, आणि माझा जळफळाट दुप्पट झाला. भाऊ तिचा, कम्प्युटर तिचा आणि आता मोठेपणाही तिचाच? तो तरी मी तिला मिळू देणार नव्हते.

"मला दाखवली होती," मी म्हणाले. "मीच बोलले नाही." पिशवीतून कार्ड काढून मी टेबलावर ठेवलं.

बारक्याने ते उचलून उलटसुलट बघितलं. "म्हणजे आज असं होणार, हे तुला माहीत होतं."

"हो."

"तुला विचारलं असतं तर सगळं तूच ठरवलं असतंस, ताई. एकदा तरी मला माझं मी करायचं होतं." तो अगदी हळू बोलत होता. "पण तिला मीच बजावलं होतं, ताईने हो म्हटल्याशिवाय एक स्क्रूसुद्धा मागवायचा नाही."

ती टेबलावरचे स्क्रू गोळा करत होती. तिने मान वर केली नाही.

बारक्याने कार्ड परत माझ्या पिशवीत ठेवलं. "राहू दे हे," तो म्हणाला. "तीन महिने थांबू आम्ही."