वाकडा पाट

किलोमीटर शून्य. लोहारा.

दिवाळीच्या सुट्टीत अंजू आणि सुनील ही बहीणभाऊ सायकलनं वणीपर्यंत जाणार, हे ऐकून त्यांच्या बानं, रामलालनं विचारलं, "राजबागेवरून जाता का?"

सुनीलनं हसू दाबलं. "त्या रस्त्यानं आपल्या घरचं कोणी जात नाही ना, बा?"

"म्हणूनच म्हणतो. चिंच तोडली का ठेवली, तेवढं पाहून सांगा. मंग मी मोकळा."

इथं थांबायला हवं, नाहीतर चिंच कळायची नाही.

रामलालचा सात पिढ्यांमागचा पूर्वज धावजी. त्याचा लमाणांचा तांडा बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलुखभर माल वाहायचा. गोंड राजानं राजबाग मांडली. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून लांबून लाल माती मागवली. धावजीनं चिंचेच्या गोण्या रिकाम्या केल्या, झटकल्या, त्यांतच माती भरली. शिवणीत एक चिंचोका राहिला. पुढच्या पावसाळ्यात बागेच्या ऐन मधोमध, गुलाबांच्या जागी, चिंचेचं रोप! बातमी ऐकताच तांडा उठला, तो त्या वाटेला फिरकलाच नाही. राजा रागावला की नाही, विचारायला कोण जाणार? भीती तेवढी घरात राहिली.

किलोमीटर चौऱ्याहत्तर. राजबाग. दुसरा दिवस.

महालाचं नुसतं जोतं उरलेलं. पण बाग! सायकली कमानीला टेकवल्या आणि दोघं बोलायचंच विसरले. उतरत गेलेले सात टप्पे, त्यांवर आंबे, चाफे, आणि मधून सुतासारखा सरळ दगडी पाट. पाणी अजून वाहतं.

बाहेर पऱ्हाटीची, कापसाची काळी रानं. आत, पायाखाली...

अंजू खाली बसली.

लाल.

तिनं मूठभर माती उचलली. मग मान वर करून सगळे टप्पे पाहिले. एवढ्या मुठी? बैलांच्या पाठीवरून?

"बाई," सुनील हळूच म्हणाला, "बा गप्पा नव्हता मारत."

"पण चिंच कुठं हाये?"

पाटाच्या कडेनं ती दोघं निघाली. पहिला टप्पा, नाही. दुसरा, नाही. तिसऱ्यावर नुसते आंबे. अंजूनं पावलं उचलली. बाला काय सांगायचं?

चौथा टप्पा. मधला.

आभाळ संपलं. वर सगळी चिंच.

आणि तिच्या बुंध्याशी येऊन तो सरळसोट पाट वळला होता. अर्धं रिंगण घालून, पलीकडं पुन्हा सुतात.

राखणदार धर्मपाल पालापाचोळा झाडत होता. अंजूनं विचारलं, "पाट इथं वाकडा काहून, दादा?"

"काय माहीत, ताई! मोठमोठे सायब येतात, फीत लावून मोजतात, जातात. झाड आधीचं, पाट मागून बांधला, एवढंच सांगतात." धर्मपालनं खराटा टेकवला. "सरळ पाट पाहिजे तं झाड तोडाचं ना! यायनं दगड वाकवला. लय लाडाचं असन कोणाच्या तरी."

अंजूनं फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"तोडली?" रामलालनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"नाही, बा. उभी हाये. आम्हा दोघांच्या कवेत मावत नाही."

पलीकडं खाट करकरली.

"आन् बा, राजानं पाट वळवला. तिच्यासाठी."

"काय वळवला?"

"पाट. दगडाचा."

पाणी बुंध्याला वळसा घालत राहिलं.

मग रामलाल खाकरला. "सुनील्या, तुह्या सायकलले मागं सीट हाये का रे?"