मोतीगडचा खलिता

मी एक जुना खलिता आहे. राजेरजवाड्यांची पत्रं ज्या जरीच्या थैलीतून जात, तिला खलिता म्हणतात. पण मित्रांनो, उगीच मुजरा करू नका. मी राजवाडा कधी पाहिलेला नाही. पेठजवळच्या एका शाळेत, स्नेहसंमेलनाच्या गडबडीत माझा जन्म झाला. बाईंनी जुन्या चोळीचा खण कापून मला शिवलं. तोंड आवळायला दोरी हवी होती, ती म्हस्कू मेंढपाळाने दिली. मेंढरांमागे चालता चालता त्याने स्वतः कातलेली ती काळी लोकर होती. तेवढी दोरी सोडली तर माझ्यात खरं असं काहीच नव्हतं.

नाटकात मोतीगडच्या युवराजाला शत्रू ओलीस ठेवतो आणि धाकटी बहीण त्याला पत्रं लिहिते. युवराज झाला म्हस्कूचा गोरक्ष आणि राजकन्या झाली त्याचीच बहीण प्रांजल. "दादासाहेब, आपणांविना महाल ओस पडला," असं म्हणताना ती खरंच रडली. टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला, आणि मीही जरा फुगलो. बाईंनी मला बक्षीस म्हणून प्रांजलला देऊन टाकलं.

त्याच वर्षी गोरक्षची शाळा सुटली. म्हस्कूला एकट्याला मेंढरं आवरेनात. दिवाळी झाली की बापलेक पारगावकडे उसाच्या पट्ट्यात जात आणि शेतकऱ्यांच्या रानात जाळी लावून मेंढरं बसवत. त्या जागेला ते वाडा म्हणतात. प्रांजल आणि तिची आई बानूबाई गावी राहत. चुलते गेणभाऊ वाड्यावर पीठमीठ पोचवत, त्यांच्या पिशवीतून मीही जाई. भावाबहिणीचा एक नियम होता. घरच्या बातम्या गेणभाऊंच्या तोंडी जायच्या, माझ्यात फक्त मोतीगडचा कारभार. 'पागेत नवा घोडा दाखल झाला,' असं गोरक्ष लिही, तेव्हा एखाद्या मेंढीला कोकरू झालेलं असे.

एकदा गेणभाऊ ओट्यावर चहा पिताना म्हणाले, "आता मेंढरं घाट उतरून लई लांब जायची. गोरक्ष पक्का गडी झाला. त्याचं आता गावात काय काम?"

ते सहज बोलले, पण प्रांजलचा जीव टांगणीला लागला. भाऊ असा लांबलांबच जात राहील आणि एक दिवस आपल्याला विसरेल, हीच तिची भीती. तिने कागद घेतला आणि लिहिलं, 'दादासाहेब, राजमाता अंथरुणाला खिळल्या आहेत. ताबडतोब निघून यावे.' लिहून झाल्यावर तिने मागे पाहिलं. राजमाता अंगणात खणखणीत आवाजात कोंबड्यांना शिव्या घालत होत्या.

मला तोंड आहे, पण ते दुसऱ्याने आवळायचं. मी मुकाट गेलो.

पत्र वाचून गोरक्षने मला सदऱ्यात खुपसलं. गेणभाऊ बाजाराच्या वाटेला लागल्यावर तो बापाला म्हणाला, "आय आजारी हाय म्हणं. जाऊन येतो."

"जा बाबा, पळ. हितं मी हाय की," म्हस्कू म्हणाला.

गोरक्ष घरी पोचला, प्रांजल त्याच्या गळ्यात पडली, आणि त्याच संध्याकाळी तिकडे उसातून बिबट्या निघाला. त्याने कोकरू धरलं. म्हस्कू एकटाच काठी घेऊन धावला. बिबट्याने त्याचा खांदा फाडला.

दवाखान्यात म्हस्कूने डोळे उघडले तेव्हा त्याने आधी बायकोकडे पाहिलं. "तुला आता बरं हाय ना?" त्याने विचारलं.

"मला काय व्हतंय?" बानूबाई म्हणाली. नवरा तापात बरळतोय असंच तिला वाटलं.

म्हस्कूने डोळे मिटले. "बरं झालं, पोरगं तिथं नव्हतं," तो पुटपुटला.

खाटेच्या पायथ्याशी दोन्ही मुलं मान खाली घालून उभी होती. त्याने रागावून एक थोबाडीत दिली असती तर प्रांजलला सोसलं असतं.

म्हस्कूचा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. मेंढरं विकली. गोरक्ष चाकणकडे कारखान्यात लागला आणि सणावाराला तेवढा घरी येऊ लागला. ज्याची भीती, तेच पदरात पडलं. प्रांजलने मला ट्रंकेत घोंगडीखाली कोंबलं. कसरीने माझं कापड खाल्लं, दोरी तुटली. पुढे घरात मोबाइल आला, पण भाऊबहीण त्यावर पावसापाण्याचंच बोलत.

प्रांजलच्या हळदीच्या दिवशी तिने मला बाहेर काढलं आणि गोरक्षपुढे ठेवलं. "दादा, आय आजारी नव्हती रं. मी खोटं लिवलं. आबांचा हात माझ्यामुळं गेला."

गोरक्षने माझी तुटकी दोरी चाचपली. "मला ठावं व्हतं," तो म्हणाला. "ह्याच्यात आलेलं कधी खरं असतंय व्हय? वर गेणभाऊंनी सांगितलं व्हतं, तुझी आय सकाळीच गवताला गेली. मलाच घरला यायचं व्हतं, प्रांजल. म्हून आबाला मी खोटं बोललो."

दोघांनी एकच ओझं वेगवेगळ्या घरी, इतकी वर्षं एकेकट्याने वाहिलं होतं. हळदीच्या हातांनी ती त्याला बिलगली. पिवळे डाग माझ्यावर अजून आहेत. मग ती दोघं उठून म्हस्कूकडे गेली आणि त्याला सगळं सांगितलं. म्हातारा ऐकून घेऊन एवढंच म्हणाला, "येडी रं येडी. नुसतं 'घरी यायचंय' म्हणला असतास, तरी मी न्हाई म्हणलो असतो व्हय?"

प्रांजल जुन्नरकडे सासरी गेली. काही दिवसांनी गेणभाऊ तिच्या दारात उभे राहिले. त्यांच्या पिशवीत मी होतो, आणि माझ्या तोंडाला नवी काळी दोरी होती. एका हाताने कातलेली, जाडीभरडी. आतल्या पत्रात गोरक्षने लिहिलं होतं, 'राजमाता ठणठणीत आहेत. महाराजही बरे आहेत. मोतीगडावर कोणतेही संकट नाही. तरी यावे.'

ती दुसऱ्या दिवशीच्या एसटीने आली.

मित्रांनो, मला कसरीपासून जपा, कापूर ठेवा, असं मी सांगणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की कुणाची आठवण आली तर आजारपणं रचू नका. नुसतं 'ये' म्हणा.