अकरा लाल चोची

मित्रांनो, आधी बघून सांगा, जवळपास कात्री नाही ना कुणाच्या हातात? नक्की? बरं, मग सांगतो. पण मध्येच कुणी उठून ओट्यावर काही सांडू नका हं, मला धडकी भरते. का, ते कळेलच.

मी मांजरपाटाचा एक जुना तुकडा. हातभर लांब, वीतभर रुंद. शेजारच्या शिवणवाल्या मावशीने कुणाच्या तरी उशीचे अभ्रे शिवले, त्यातून मी उरलो. कात्री माझ्या अंगातून कर्रकन गेली तो आवाज अजून कानात आहे. बाकीचे तुकडे मावशीने मशीन पुसायला घेतले. काळ्या तेलात बुडून एकेक जण दिसेनासा झाला. माझा नंबर पुढचाच होता. तेवढ्यात दारातून आवाज आला, "मावशी, एखादा बिनकामाचा तुकडा असेल तर द्या ना."

ही धाकटी. या घरात दोन बहिणी, थोरली आणि धाकटी. थोरलीचं लग्न झालेलं. धाकटी औषधांच्या दुकानात काम करते, आणि घरी आली की चप्पल एकीकडे, पिशवी दुसरीकडे आणि हातात सुई. तिला भरतकामाचं वेडच लागलं होतं. शिकवणारं कुणी नाही. आपलं करून बघायचं, उसवायचं, परत करून बघायचं.

आणि हे सगळं कुणावर? माझ्यावर!

रिंगमध्ये मला ताणून बसवायची, ढोलकीसारखा. पहिला धावदोरा घातला तो इतका वाकडा, की आई म्हणाली, "मुंगीला चक्कर आली की काय?" मग साखळी टाका. मग गहू टाका, काजाचा टाका, मच्छीकाटा. गाठी टाका जमेना, तर एका ओळीत तीस गाठी मारल्या. एकविसावी बरी आली, बाविसावी परत बिघडली. दोन पदर घेऊन बघ, तीन घेऊन बघ. जांभळ्याशेजारी पिवळा कसा दिसतो? निळ्याशेजारी? मला तर दुखायचंही आणि गुदगुल्याही व्हायच्या. खरं सांगू, मला मिरवावंसं वाटायचं. उलट्या बाजूने मात्र बघू नका. तिथे नुसता दोऱ्यांचा गुंता आहे.

पण भीती कधी सुटली नाही. आईला ओटा पुसायला नेहमी फडकं कमी पडायचं. माझ्याकडे बघून म्हणायची, "हे एवढं बरबटलंय, मी घेऊ का गं?" धाकटी ओरडायची, "आई, हात लावशील तर बघ!" तेवढ्यापुरता मी वाचायचो. उद्याचं काय? फडक्याचं आयुष्य किती असतं माहितेय? खुंटीवरचं मागचं फडकं तीन महिन्यांत चिंध्या होऊन गेलं.

मग थोरलीला दिवस गेले. आईने कपाटाच्या तळातून एक पांढरी चादर काढली. जुनी, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. थोरली आणि धाकटी, दोघींना जन्मल्या जन्मल्या तिच्यातच गुंडाळलं होतं. बाकीची विरली होती, एक दुपट्यापुरता भाग धड उरला होता.

"बाळासाठी याच्यावर काहीतरी भर," आई म्हणाली. "पण ऐक, एवढंच आहे. बिघडलं तर हे कापड पुन्हा नाही मिळायचं."

धाकटीचा चेहरा उतरला. आठ दिवस त्या दुपट्याला सुई लावायचा धीर होईना तिला. सगळं आधी माझ्यावर. बदकाचं पिल्लू काढायचं ठरलं. पहिलं पिल्लू माझ्यावर काढलं, जरा तिरळं आहे, पण आहे. पिवळं अंग, काळा ठिपका डोळ्याला. चोचीला लाल दोरा हवा होता आणि तो संपलेला. मावशीने आपल्या डब्यातून एक लडी काढून दिली. लेबल नाही, काही नाही.

"रंग पक्का आहे ना मावशी?"

"पक्काच असणार गं. माझ्याकडे कच्चं काही नसतं, एक स्वयंपाक सोडला तर."

दोघी हसल्या. धाकटीने तिथंच बसून माझ्या कोपऱ्यातल्या पिल्लाला लाल चोच भरली. दिसली झकास! तेवढ्यात मावशीने पाण्याचा ग्लास ठेवला, नेमका माझ्याच कोपऱ्यावर. गार पाणी, ग्लासाला बाहेरून घाम सुटलेला. ग्लास उचलला आणि मित्रांनो, माझ्या अंगावर गुलाबी चंद्रकोर! लाल रंग उतरत होता. कच्चा होता तो, पार कच्चा!

कुणी बघितलंच नाही. गप्पा चालल्या होत्या. धाकटीने माझी घडी घातली, तो कोपरा आत गेला, आणि मी घरी दोऱ्यांच्या टोपलीत.

दुसऱ्या दिवसापासून तिने दुपट्याला सुई लावली. मी टोपलीतून बघत होतो. पहिलं पिल्लू, लाल चोच. दुसरं पिल्लू, लाल चोच. मी आतल्या आत ओरडत होतो, थांब, थांब गं! तिसरं. पाचवं. अकरा झाली! किनारीला लाल गाठी, आणि आता एकूण एक गाठ सुरेख, कारण बिघडायच्या त्या सगळ्या माझ्यावर बिघडून झाल्या होत्या. ती घडी उलगडून बघेल म्हणून मी रोज वाट बघायचो. पण आता तिला माझी गरजच नव्हती. हात बसला होता ना तिचा.

आणि मग ती सकाळ आली. फोन वाजला, थोरलीला दवाखान्यात नेलं होतं. घरात एकच धांदल. आई पिशवी भरतेय, गॅसवर चहा, आणि धाकटी म्हणते, "दुपटं आधी साबणाच्या पाण्यातून काढते. नव्या दोऱ्याने बाळाचं अंग खाजायला नको."

न्हाणीघरात बादली भरायला लागली. तो पाण्याचा आवाज! माझा धागा न् धागा ताठ झाला. एक बुचकळी, आणि अकरा चोची रडणार होत्या. थोरली, धाकटी जिच्यात गुंडाळल्या ती चादर लालेलाल. आणि मला बोलता येईना.

तेवढ्यात आईच्या हाताचा धक्का लागून चहा ओट्यावर सांडला. खुंटी रिकामी, फडकी वाळत घातलेली. आई इकडे बघते, तिकडे बघते, आणि... तिचा हात टोपलीत आला. माझ्यावर!

ज्याला आयुष्यभर घाबरलो, तेच झालं. गरम चहात मी तोंडावर आपटलो. भाजलो. मग नळाखाली. मग तिने मला पिळलं, आणि तिच्या बोटांमधून लाल लाल पाणी गळायला लागलं.

"अगं बाई, रक्त!"

धाकटी धावत आली. दुपटं तिच्या खांद्यावर. "कुठं लागलं? बघू!"

"लागलं कुठंच नाही गं. मग हे कुठून येतंय?"

दोघींनी माझ्याकडे बघितलं. तिरळ्या पिल्लाची चोच अर्धी वाहून गेली होती. धाकटीचा हात खांद्यावर गेला. दुपटं कोरडं होतं. ती तिथंच फरशीवर बसली.

"आई, मी घालणारच होते गं बादलीत. साबण टाकला होता, आता घालणारच होते." आणि तिचे डोळे भरले.

"रडू नकोस!" आई किंचाळली. "एक थेंब पडला त्याच्यावर तर! आधी ते इकडे दे, मग काय रडायचं ते रड!"

मावशीला हाक मारली. ती आली, मला उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाली, "माझ्याच डब्यातलं हे पाप. सुई द्या मला." आईने पिशवीची चेन लावली आणि पुढे दवाखान्यात गेली. जाताना बजावलं, "हात पुसा, घाम पुसा, आणि शिंकू नका." दोघींनी पंखा मोठा केला आणि सुईच्या टोकाने एकेक लाल टाका उचलून काढला. अकरा चोची, किनारीच्या सगळ्या गाठी. कुणी पाणीसुद्धा प्यायलं नाही. मी दोरीवर लोंबकळत बघत होतो आणि घाबरत होतो, की एखादी गाठ राहिली तर?

एकही राहिली नाही. चोचींना नारिंगी दोरा घेतला. पण या वेळी आधी एक टाका माझ्यावर घातला आणि वर चमचाभर उकळतं पाणी ओतलं. दोघी श्वास रोखून बघत राहिल्या. रंग हलला नाही. दुपारी अकरा नारिंगी चोची तयार झाल्या. किनारीला नुसती सुईची भोकं उरली होती, ती धुतल्यावर बुजली. बाळ संध्याकाळी आलं, आणि त्याला तीच मऊ चादर मिळाली.

मित्रांनो, तुम्हीही सुई हातात घ्याल. नवा दोरा आला की आधी एखाद्या तुकड्यावर घाला, ओला करा, चोळून बघा. लेबल नसेल तर नक्कीच. आणि तो तुकडा फेकू नका. तुमच्या सगळ्या चुका त्यानेच अंगावर घेतलेल्या असतात.

माझ्यावर आता चहाचा डाग आहे आणि लाल पाण्याचाही. आई कुठलंही फडकं उचलताना आधी विचारते, "हे फडकंच आहे ना गं?" तरी मी घाबरतोच. नवी लडी आली की धाकटी मला काढते, एक टाका घालते, आणि गॅसवर पाणी ठेवते. पाण्याला बुडबुडे येताना मला दिसतात, आणि मी गोळा होतो. पण तरी मनात म्हणतो, ओत बाई. रंग जायचाच असेल तर माझ्यावर जाऊ दे.