खुंटीवरचा हुदहुद

“अम्मो रिफअत, माझा हुदहुद कुठाय?”

दारात रिताज उभी होती. रिफअतच्या हातातला चहाचा पेला ओठांजवळच थांबला. ही आठ वर्षांची पोरगी जगात नाही, अशी गेले सोळा दिवस त्याची खात्री होती. तिच्या नावाने त्याने मृतांसाठीची फातिहासुद्धा म्हटली होती. आणि ती आईची काळी अबाया धरून समोर उभी होती. औषधांनी गाल टम्म फुगले होते, डोक्याला पट्टी होती, आणि पडलेल्या दाताच्या जागी नवा दात अर्धा वर आला होता.

“या, या, उम्म मुस्तफा,” तो तिच्या आईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारत म्हणाला. “अल्हम्दुलिल्लाह! केव्हा आलात?” पण भिंतीकडे बघायची त्याची छाती होईना.

इजिप्तमधल्या तांता शहराच्या त्या इस्पितळात, तळघरातल्या किरणांच्या विभागात रिफअतला बावीस वर्षं झाली होती. मेंदूत गाठ असलेली पोरं त्याच्याकडे यायची आणि त्याला अम्मो, म्हणजे काका, म्हणायची. किरण देताना डोकं केसभरही हलता कामा नये, म्हणून प्रत्येकाचा मुखवटा करावा लागे. जाळीचा पांढरा प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करायचा, पोराच्या चेहऱ्यावर दाबायचा, की थोड्या वेळात नाकाडोळ्यांसकट कडक होतो. मग तो घालून पोराला टेबलाशी जखडायचं आणि खोलीत एकटं ठेवायचं. पोरं किंचाळायची. मग रिफअतने पदरचे रंग आणून मुखवट्यांवर मांजरं, सिंह, उंट काढायला सुरुवात केली, आणि पोरं आपणहून टेबलावर चढू लागली.

फेऱ्यांच्या मधे मुखवटे भिंतीवरच्या खुंट्यांना लटकत. त्याचा एक नियम होता, आणि नव्या आईला तो पहिल्याच दिवशी मोठ्या रुबाबात ऐकवी: “खुंटीवरचा मुखवटा मी काढत नसतो. ज्याचा त्याने शेवटच्या दिवशी काढायचा आणि घरी न्यायचा.” त्या वाक्यावर आया तगून राहत. पोर वर वॉर्डात निपचित पडलं, की खाली येऊन मुखवटा खुंटीवर आहे ना, तेवढं बघून जात.

रिताजने हुदहुद मागितला होता. “आमच्या कालव्यावर येतो तो तुऱ्याचा पक्षी. तुरा मोठा काढा हं अम्मो, कंजूषपणा नको.” तुरा नारिंगी, टोकं काळी. तिच्या किरणांच्या तीसपैकी अठरा फेऱ्या झाल्या, आणि एका सकाळी ती शुद्धीवरच येईना. बाप तिला हातांवर उचलून घेऊन गेला. नर्स इन्शिराह खाली येऊन हळूच म्हणाली, “डॉक्टर म्हणाले, घरी न्या.” या भागात याचा अर्थ शेवट जवळ आला; त्यापुढे कुणी काही विचारत नाही.

त्याच आठवड्यात पत्रे संपले. नवा माल बंदरात अडकला होता आणि पाच वर्षांच्या मलकला थांबायला वेळ नव्हता. जुना मुखवटा गरम पाण्यात टाकला की पुन्हा सपाट होतो. रिफअतने हुदहुद खाली काढला.

“घरी फोन तरी करू या का?” इन्शिराहने विचारलं होतं.

“काय विचारू त्या बाईला? मुलगी गेली का म्हणून?”

बोलायला ते शोभून दिसलं. खरं म्हणजे त्याला उत्तर ऐकायचं नव्हतं. त्याने ब्रशने तुरा घासून काढला आणि मुखवटा पाण्यात सोडला. आधी नाक गेलं, मग हनुवटी, आणि अर्ध्या मिनिटात तिथे कुणाचाच चेहरा राहिला नाही.

बापाने तिला घरी नेलंच नव्हतं. तसाच तिला घेऊन तो मन्सूराच्या मोठ्या इस्पितळात गेला होता. तिथे डोक्यात साचलेलं पाणी नळी घालून काढलं, आणि तिसऱ्या दिवशी पोरीने डोळे उघडून भात मागितला. हे सगळं उम्म मुस्तफा आता हसत हसत सांगत होती. रिफअतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इन्शिराह त्याच्या मदतीला धावली. “गाल बघ केवढे झालेत तुझे! जुना आता बसायचाच नाही. डॉक्टरांनीच नवा करायला सांगितलाय.”

“हो तर!” रिफअतने तो धागा झडप घालून पकडला. “परवाच नवे पत्रे आलेत. या वेळी तुरा दुप्पट.”

“पण जुना कुठाय?”

“तो... धुवायला टाकलाय.”

रिताज भिंतीपाशी गेली. तिच्या खुंटीवर ससा लटकत होता. त्याच्या कानाखाली, जाळीच्या भोकांत, नारिंगी रंग राहिला होता. तिने नखाने तो खरवडून पाहिला.

“हा माझा तुरा आहे.”

तिच्या आईने भिंतीकडे पाहिलं, मग रिफअतकडे. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण नियम पाठ होता. “असू द्या, अम्मो,” ती खाली बघून म्हणाली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

“तुम्हाला वाटलं, मी मेले?” रिताजने विचारलं.

“अभद्र बोलू नये गं!” इन्शिराह ओरडली.

अजूनही वेळ मारून नेता आली असती. पण आणखी खोटं बोलायला रिफअतची जीभ वळेना.

“हो,” तो म्हणाला. “वाटलं. फोन करून विचारायला हवं होतं. मी घाबरलो. चुकलं माझं.”

रिताजने नखात अडकलेला नारिंगी रंग पाहिला.

“बाबांना नाही वाटलं,” ती म्हणाली. मग जमिनीवर फतकल मारून बसली. “मी नाही झोपणार त्या टेबलावर.”

बारा फेऱ्या उरल्या होत्या. त्या चुकल्या तर काय, हे खोलीतल्या तिन्ही मोठ्या माणसांना माहीत होतं. रिफअत तिच्यासमोर खालीच बसला. बावीस वर्षं पोरांना धीर द्यायची सगळी वाक्यं पाठ होती, पण आता त्यातलं एकही तोंडातून काढायला त्याला लाज वाटत होती.

“ससा कुणाचा?” शेवटी तिनेच विचारलं.

“मलकचा. पाच वर्षांची आहे.”

“रडते?”

“आधी रडायची. आता नाही.”

“मग राहू दे तिला.” ती उठली. “पण माझा नवा खुंटीवरून काढायच्या आधी फोन करायचा. नंबर लिहून घ्या.”

त्याने कागद शोधला.

“कागदावर नको. हरवाल. भिंतीवर लिहा.”

तिच्या नव्या खुंटीखाली, भिंतीवर, रिफअतने एकेक आकडा विचारून लिहिला. उम्म मुस्तफाने त्याच्याकडून तो दोनदा म्हणून घेतला.

मग रिताज टेबलावर आडवी झाली. रिफअतने पाण्यातून मऊ पत्रा उचलला, निथळला, हातावर लावून पाहिला.

“गरम लागेल थोडं. डोळे मीट.”

“नाही.”

“पाणी जाईल बाळा. सगळेच मिटतात.”

“मिटले की तुम्हाला परत तसंच वाटेल.”

त्याने पत्रा तिच्या चेहऱ्यावर टेकवला आणि कपाळ, नाक, फुगलेले गाल बोटांनी दाबत गेला. कडक होईपर्यंत हात काढायचे नसतात. जाळीच्या भोकांतून दोन उघडे डोळे त्याच्याकडे बघत होते, आणि तेवढा सगळा वेळ रिफअतला त्यांच्याकडे बघावं लागलं.